दहापैकी दहा, मेंढी वेगळी

पत्त्यांत हरलेल्या माणसाइतका परखड समीक्षक शोधून सापडायचा नाही. अर्ध्या तासापूर्वी जो खेळ ‘डोक्याचा’ होता, तो तिसरी मेंढी समोरच्याकडे गेली की ‘नुसता पानांचा’ होतो. जिंकलेल्याची समीक्षा याहून आटोपशीर असते. ‘वाटा.’

एवढं कळायला बुऱ्हाणपुरात गुणपत्रिका लागत नव्हती. ती यंदा दिवाळीत आली. पुण्यात नोकरीला असलेला आमच्या बैठकीतल्या एकाचा भाचा सुट्टीला आला, तो बगलेत भला थोरला खोका घेऊनच. तिकडे म्हणे शनिवारी रात्री मित्र जमतात, नवा खेळ उघडतात, मध्यरात्रीपर्यंत खेळतात आणि उठण्याआधी त्याला दहापैकी गुण देतात. नियम स्पष्ट आहेत का, समतोल आहे का, पुन्हा खेळावासा वाटतो का, असे रकानेच आखलेले. शनवाऱ्याजवळच्या आमच्या बैठकीत आजवर एकाच गोष्टीचं मूल्यमापन झालं होतं: हरणाऱ्याने आणलेल्या मावा जिलेबीचं. त्यातही ‘कमी आणली’ हा एकच रकाना.

खोक्यातून निघालं ‘कटान’. जर्मनीतल्या क्लाउस टॉयबर नावाच्या, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या तंत्रज्ञाने १९९५ साली बाजारात आणलेला खेळ. षटकोनी तुकडे जोडून बेट मांडायचं, लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज गोळा करायचं, रस्ते आणि वस्त्या उभारायच्या. ज्याचे दहा गुण आधी होतील तो जिंकला. नियम समजावून होईस्तोवर चहा दोनदा झाला. खेळायला बसले चौघे: भाचा, केळीचे एक आडते, एक पॉवरलूमवाले आणि निवृत्त मास्तर. मी प्रेक्षक होतो, म्हणजे चौघांचाही सल्लागार.

आडत्यांनी एकच प्रश्न विचारला. “बँक चार घेते अन् एक देते? मग हिच्या दारात कोण जाईल भो?” तिथून पुढे ते खेळलेच नाहीत, त्यांनी मंडी चालवली. मास्तरांची लोकर लूमवाल्यांना, लूमवाल्यांच्या विटा भाच्याला, आणि प्रत्येक व्यवहारात एक पान कटती म्हणून आपल्याकडे. भाचा कळवळून सांगत होता, कटती नियमात बसत नाही. मग त्यांनी उधारी मागितली. तीही बसत नव्हती. “उधारी नाही तर व्यापार कसला? खेळ लेकरांचा दिसतो,” असं म्हणत त्यांनी दहावा गुण केला.

दोन फासे पडण्याच्या ३६ तऱ्हा, त्यांतल्या सहा तऱ्हांनी सात येतो, म्हणून सातच सर्वांत जास्त पडतो, हे मास्तरांनी सगळ्यांना शिकवलं. सात पडला की बेटावरचा दरोडेखोर हलतो. तो हलून दर वेळी लूमवाल्यांच्या वस्तीशेजारीच बसला, यात फाशांचा दोष नव्हता. तो हलवणारे आडते होते.

मग गुणदान. आडते नऊ. भाचा सात. मास्तर पाच. लूमवाले दोन, तेही ‘खोका मजबूत आहे’ म्हणून. शर्यतीत जो क्रम तोच गुणांत, एक जागा इकडची तिकडे नाही. भाच्याने गंभीरपणे सरासरी काढली: ५.७५. आमच्या लेखी त्या दशांशचिन्हाची सगळ्यात मोठी कमाल ही, की त्याने चार माणसांच्या रुसण्या-फुगण्याला शास्त्र बनवलं. जगभर जिथे जिथे खेळांना असे गुण दिले जातात, तिथे एक रकाना हटकून राहून जातो. परीक्षक कितवा आला होता?

डोकं की नशीब, हा तंटा फक्त ओट्यावरचा म्हणावा तर तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला आहे. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण, १९६८. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण. न्यायमूर्ती म्हणाले, रमीत पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं अन् कुठलं सोडायचं हे कळावं लागतं, म्हणून ती मुख्यत्वे कौशल्याची. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. आमच्या ओट्यावर हा निकाल तोंडपाठ आहे, विशेषतः ज्यांना पडलेलं एकही पान ध्यानात राहत नाही त्यांना.

तापी ओलांडून थोडं दक्षिणेला गेलं की लागणाऱ्या राज्याने तर या निकालाचा पुढचा अध्याय लिहिला. २०२५च्या जुलैत विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, असं मंत्रिमहोदयांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांच्याकडून कृषी खातं काढलं आणि क्रीडा खातं दिलं. गुणवत्तेची अशी रोख कदर कटानमध्येही होत नाही.

दुसऱ्या रात्री भाच्याने मेंढीकोटाचं परीक्षण करायचं ठरवलं. वही उघडून म्हणाला, “नियम सांगा.” इथे त्याची गाडी रुतली. चौघे भिडू, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं, दहाची पानं म्हणजे मेंढ्या, चारही ओढल्या तर कोट. इथवर एकमत. मग हुकूम कट की बंद? मास्तर म्हणाले कट: ज्याच्याकडे उतारीचं पान नाही त्याने जे टाकलं तो हुकूम. लूमवाले म्हणाले बंद: एक पान आधीच पालथं ठेवायचं. तेवढ्यात ओट्यावर टेकलेल्या हिंदी शेजाऱ्यांनी सांगितलं की असा खेळच नसतो. त्यांचा ‘दहला पकड’, त्यात एकाच माणसाने लागोपाठ दोन हात जिंकल्याशिवाय मधला ढीग कुणाला उचलता येत नाही. शिवाय त्यांच्या बोलीत हुकुम म्हणजे इस्पिक, त्यामुळे ‘हुकूम बदाम’ म्हटल्यावर ते आमच्याकडे दयेने पाहतात.

१९५६ साली राज्यांच्या हद्दी ठरल्या. नागपूरची राजधानी गेली, निमाड भोपाळकडे राहिला, आणि २००३ साली बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हाही झाला. पत्त्यांचा सीमाप्रश्न मात्र एकाही आयोगाने हाती घेतला नाही. आमच्याकडे त्यावर एकच तोडगा आहे. ज्याचा ओटा त्याचे नियम.

भाच्याने वहीत ‘नियम स्पष्ट आहेत का’ यापुढे शून्य मांडलं. रात्री एक वाजता, बंद हुकमाने तीन मेंढ्या मारल्यावर, त्याच पेनाने ‘पुन्हा खेळावासा वाटतो का’ यापुढे दहा. सरासरी काढायची त्याला आठवणही झाली नाही.

खेळ मध्येच सोडून उठू पाहणाऱ्यांसाठी मात्र आमच्याकडे नियम नाही, आणि तो असायला हवा होता. अकबराकडे होता. अबुल फज़ल आईन-ए-अकबरीत लिहितो, दरबारी चौपटाला कधी कधी दोनशेपर्यंत माणसं बसत. सोळा डाव झाल्याशिवाय कुणाला घरी जायची परवानगी नसे, आणि हे प्रकरण काहींच्या बाबतीत तीन-तीन महिने चाले. चुळबूळ केली तर दंड म्हणून मद्याचा प्याला. आमच्यातल्या काहींनी हे ऐकताच चुळबूळ सुरू केली.

हाच अकबर १६०० साली असीरगड घ्यायला आला आणि आमच्या गावात ठाण मांडून बसला. गड इथून जेमतेम वीस किलोमीटर. फारुकींचा बहादूरशाह आत, बादशहा बाहेर, आणि डाव १६०१च्या जानेवारीपर्यंत लांबलेला. अखेर गड पडला. कसा पडला, यावर मात्र दोन बाजूंची दोन परीक्षणं आहेत. बादशहाचा पगारी लेखक अबुल फज़ल सांगतो, गडात रोगराई पसरली. जेसुइट पाद्र्यांकडचा वृत्तान्त सांगतो, बहादूरशाहाला शपथेवर बोलणीला बोलावून अडकवून ठेवलं आणि आतल्या सरदारांना पैसे चारले. एकाच्या मते पानं वाईट पडली, दुसऱ्याच्या मते पान लपवलं. चारशे वर्षं झाली, इतिहासकारांचं अजून जमत नाही.

आडत्यांना मी हे सविस्तर ऐकवलं. त्यांनी पत्ते पिसता पिसता विचारलं, “पैसे चारले ते आधी, की गड पडल्यावर? आधी दिले असतील तर अकबराला बाजार कळत नव्हता.”