बिनपत्त्याचे गृहस्थ

हे गृहस्थ कुठे राहतात, असं विचारू नये. ते राहत नाहीत, असतात. सकाळी पुलाखाली असतात, दुपारी मालगाडीच्या डब्यात असतात, संध्याकाळी बागेतल्या बाकावर असतात. चारपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या रस्त्यांवर होते, मग अमेरिकेत गेले, मध्यंतरी मुंबईतही येऊन गेले. वय विचारलं तर हसतात. नाव गावागणिक वेगळं सांगतात. मात्र शिळी पोळी पुढे केली तर “बरोबर भाजी कसली?” असं विचारण्याइतका स्वाभिमान त्यांनी कुठल्याच शतकात सोडलेला नाही.

पोशाखाचा नियम एकच. अंगावरची प्रत्येक वस्तू मूळ मालकाच्या मापाची असते. कोट बारक्या भावाचा वाटावा, विजार थोरल्या काकांची, आणि बूट ज्याला परत मागायचा धीर झाला नाही अशा कुणाचे तरी. पण ऐट अशी, की समोरून नगरशेठ आला तरी टोपीला हात लावून हेच त्याची विचारपूस करतील. उपाशीपोटी दात कोरत हिंडणं ही त्यांची खास कला. बोचक्यात काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. बहुधा दुसरं बोचकं असावं.

अमेरिकेत यादवी युद्ध संपलं, रेल्वेचे रूळ चहूकडे पसरले आणि या गृहस्थांचे दिवस पालटले. तिकीट न काढता खंडभर प्रवास! पण सगळं सोडलं तरी सोवळं सुटत नाही. यांच्यातही पोटजाती पडल्या. होबो म्हणजे फिरणारा आणि कामही करणारा. ट्रॅम्प म्हणजे फिरणारा, पण कामाचं नाव न काढणारा. बम म्हणजे दोन्हींचा कंटाळा असलेला. होबोला ट्रॅम्प म्हटलेलं खपत नसे आणि ट्रॅम्पला बम. पंक्ती वेगळ्या मांडल्या जात नव्हत्या, एवढंच.

रुळांपासून थोडं दूर त्यांचा तळ पडे. त्याला ते ‘जंगल’ म्हणत. चुलीवर पातेलं एकच. कुणी त्यात बटाटा टाकी, कुणी कांदा, कुणी जवळच्या परसातून स्वखुशीने चालत आलेली कोंबडी. जेवण झालं की पुढच्या येणाऱ्यासाठी पातेलं घासून ठेवायचं, हा शिरस्ता. लेखी घटना नाही, चेअरमन नाही, थकबाकीदारांची यादी नाही, तरी पातेलं स्वच्छ. आमच्या गृहनिर्माण संस्थांनी यावर एक विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला हरकत नाही. १९०० साली तर आयोवातल्या ब्रिट या छोट्या गावात होबोंचं अधिवेशन भरलं. पुढे ते दरवर्षीचं झालं आणि तिथे होबोंचे राजा-राणी निवडले जातात. घर नसलं म्हणून काय झालं, राजा आहे.

सरकार मात्र यांना पाहिलं की हबकतं. १८९४ साली अठरा वर्षांचा, पुढे लेखक झालेला जॅक लंडन असाच फिरत फिरत नायगारा धबधब्याला पोहोचला. धबधबा पाहून झाल्यावर पोलिसांनी धरलं आणि तीस दिवस आत. पंधरा सेकंदाला एक या वेगाने निकाल लागत होते, असं त्याने ‘द रोड’मध्ये लिहिलं आहे. आपल्याकडे तारीख पडायला याहून जास्त वेळ लागतो.

ही धास्ती जुनीच. १५४७ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की असा रिकामा हिंडणारा सापडला तर त्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ अक्षर डागायचं आणि त्याला धरून आणणाऱ्याच्या हवाली करायचं, दोन वर्षं गुलाम म्हणून. हे इतकं भयंकर होतं की राबवणाऱ्यांनाच झेपलं नाही, आणि दोनतीन वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. १५७२ साली नवा आला. त्यातली भटक्यांची यादी वाचनीय आहे: ज्यांच्या डोक्यावर कुणा उमरावाचा हात नाही असे नाटकवाले, अस्वलवाले, कल्हईवाले, फेरीवाले, आणि परवान्याशिवाय भीक मागणारे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी. शिक्षा म्हणजे फटके आणि कानाला डाग. उच्चशिक्षण आणि बेकारी यांचा घरोबा आपण समजतो त्याहून बराच जुना आहे. पुढे नेपोलियनशी लढून आलेले शिपाई रस्त्यावर आले, तेव्हा देशाने त्यांचं स्वागत १८२४ च्या कायद्याने केलं. उघड्यावर झोपलेल्या माणसाला स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो गुन्हेगार. छपराखाली झोपणाऱ्यांना ही अट लावली नाही ते बरं. असा खुलासा देऊ शकतील असे आपल्यात तरी कितीसे निघतील?

एवढा धसका समाजाने चोराचाही घेतलेला नाही. कारण चोर आपल्यातलाच. आपल्या कपाटातल्या दागिन्यांची त्याला कदर असते. तो रात्र रात्र जागतो, मेहनत घेतो, जोखीम पत्करतो. थोडक्यात, धंद्याचा माणूस. हे गृहस्थ मात्र खिडकीतून दिवाणखान्यात डोकावतात, नवा सोफा पाहतात, झुंबर पाहतात आणि काही न बोलता पुढे चालू लागतात. हे सहन होत नाही. वीस वर्षं हप्ते भरलेल्या घराचा असा अपमान कुठल्याही चोराने केला नसता.

मग यांना ठेवायचं कुठे? तुरुंगात खर्च फार. शेवटी तोडगा निघाला: पडद्यावर. फेब्रुवारी १९१४ मध्ये डर्बी हॅट, बांबूची काठी, आखूड कोट आणि ढगळ विजार अशा थाटात हे गृहस्थ पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आले. त्या कपड्यांच्या आत होता चार्ली चॅप्लिन, ज्याला सातव्या वर्षी लंडनच्या गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये दाखल व्हावं लागलं होतं. नटांना भटके ठरवणाऱ्या कायद्याचा सूड असा उगवला गेला, की १९१६ साली एका फिल्म कंपनीने भटक्या होण्याबद्दल या नटाला वर्षाचे ६ लाख ७० हजार डॉलर कबूल केले. फुकट करायच्या गोष्टीला इतका भाव यापूर्वी कुणाला मिळाला नव्हता.

लोकांनी रांगा लावल्या. ‘द गोल्ड रश’मध्ये यांनी बूट उकडून खाल्ला, नाड्या काट्याला गुंडाळून शेवयांसारख्या खाल्ल्या, खिळे हाडकं चोखावीत तसे चोखले. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये यांना तुरुंग इतका मानवला, की सुटल्यावर परत आत जाण्यासाठी खटपट करू लागले. थिएटरात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाहेर पडल्यावर दारात तसाच एक दिसला की तेच लोक वाट वाकडी करून जायचे. पडद्यावरच्या भटक्याची हीच तर सोय आहे: तो काही मागत नाही, आणि त्याला वास येत नाही.

मुंबईनेही हेच केलं. १९५१ साली ‘आवारा’ आला, १९५५ साली ‘श्री ४२०’. राज कपूर अलाहाबादहून पायी, गात गात मुंबईला निघाला आणि शहराने त्याला डोक्यावर घेतलं. आणखी चारच वर्षांनी, १९५९ साली, याच मुंबईने भीक-प्रतिबंधक कायदा केला. गाणं, नाच किंवा भविष्य सांगण्याच्या मिषाने भीक मागणं गुन्हा, आणि पोटापाण्याचं साधन दिसत नसताना भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी हिंडणं हाही गुन्हा. पकडायला वॉरंट लागत नाही. राजबाबू वेळेत पोहोचले म्हणायचे. चार वर्षं उशीर झाला असता तर पहिलंच कडवं ते पोलीस व्हॅनमध्ये बसून म्हणाले असते.

पडद्यावरचा भटक्या नेहमी सडाफटिंग असतो, हेही लक्षात घ्या. एकटा हिंडणारा माणूस कवी वाटतो. तोच बायको, चार पोरं, दोन गाढवं आणि पालाच्या काठ्या घेऊन गावाबाहेर उतरला, की पोलीस पाटलाकडे निरोप जातो. १८७१ च्या कायद्याने इथल्या कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. रोजची हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. तीनच वर्षांनी, १८७४ साली, सरकारने हिंदुस्थानातल्या भटक्या गोऱ्यांसाठीही कायदा केला. साहेबाने नेटिवांसमोर हात पसरावा, हे राज्याच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. पण त्यांना काय शिक्षा? वर्कहाउसमध्ये सोय, आणि देश सोडायला तयार असेल तर सरकारी खर्चाने बोटीचं तिकीट. भटकेपणातही वर्ग असतात, आणि वरच्या वर्गाला केबिन मिळते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी इथल्या त्या जमातींवरचा शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या नजरेतला पुसायला कुठला कायदा करावा, ते अजून सुचलेलं नाही. आणि योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात तिकडे चॅप्लिन बोटीने लंडनला निघालेला असताना अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. बावीस वर्षं भटक्याचं सोंग घेतलेल्या माणसाला सरकारने शेवटी खरोखरचा भटक्या करून दाखवलं.

पण चॅप्लिनला ते जमलं नाही. त्याने स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी मोठा बंगला घेतला, बायकामुलांत रमला आणि १९७७ च्या नाताळाच्या दिवशी तिथेच वारला. गावच्या दफनभूमीत त्याला पुरलं. दोन महिने झाले असतील-नसतील, दोन स्थलांतरित मोटार-मेकॅनिकांनी रातोरात शवपेटी उकरून पळवली आणि खंडणी मागितली. पत्नीने साफ नकार दिला. मे महिन्यात पेटी एका मक्याच्या शेतात सापडली. घरच्यांनी ती पुन्हा पुरली आणि या खेपेला वर काँक्रीट ओतलं.

ट्रॅम्पच्या वाट्याला हे कधी आलं नसतं. त्याच्याकडून उचलावं असं काय होतं? बांबूची काठी आणि माप चुकलेले बूट. चोर आले ते बंगलेवाल्याकडे, आणि आकडाही त्यांनी बंगला बघूनच लावला होता: लाखो डॉलर.