जंजिरा ‘कव्हर’ करणाऱ्यांसाठी

मराठी माणूस किल्ल्यावर पाहुणा म्हणून जात नाही; सातबाऱ्यावर नाव असल्यासारखा जातो. पायथ्याशी गाडी लागली की घोषणा होते, दरवाज्यात छाती पुढे काढून फोटो होतो आणि घाम पुसता पुसता शेजारच्याला सांगितले जाते की हा आपण अमुक साली घेतला. तहात देऊन टाकलेला किल्ला असेल तर परत घेतल्याचे साल पाठ असते, मधली वर्षे हिशेबात धरायची नसतात. या सवयीला बाकी महाराष्ट्रात फारसा अडथळा येत नाही. तो येतो रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी. (मुरुडे पुष्कळ आहेत. एक दापोलीजवळ, महर्षी कर्व्यांचे. एक लातूरकडे, जिथे समुद्र सोडून बाकी सगळे आहे. खोली आरक्षित करण्यापूर्वी जिल्हा बघून घेतलेला बरा.) इथला जंजिरा शिवाजी महाराजांच्या हाती आला नाही, संभाजी महाराजांच्या आला नाही, पेशव्यांच्याही आला नाही. तरीसुद्धा शनिवार-रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर होडीसाठी जी झुंबड उडते, ती पाहून वाटावे की मोहीम अजून चालू आहे. माझे म्हणणे एवढेच की ही झुंबड अगदी योग्य ठिकाणी उडते. मुरूडला जावे ते जंजिरा आपल्याला मिळाला नाही याच कारणासाठी, आणि तिथे गेल्यावर हे कारण दडवू नये.

दडवण्याची कला मात्र आपण चांगली कमावली आहे. किल्ला का मिळाला नाही, याची उत्तरे होडीतच सुरू होतात: फितुरी, दगाबाजी, ऐन वेळी आलेले परचक्र. यातले काहीच खोटे नाही, आणि म्हणूनच हा इतिहास वाचण्यासारखा आहे. १६७०च्या आसपास किल्लेदार फत्तेखान किल्ला महाराजांना द्यायला जवळजवळ तयार झाला होता. तेव्हा त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैदेत टाकले आणि मोगलांची चाकरी पत्करली. १६७१ साली ऐन होळीत सिद्दी कासिमने किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी मराठ्यांकडून हिसकावून घेतली. मराठी फौज शिमग्यात होती. पुढे मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळी वीराने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण वर चढणारी माणसे ठरल्या वेळी पोचलीच नाहीत, अशी कथा सांगतात. महाराजांनी लाय पाटलाचा सन्मान केला. उशिरा येणाऱ्यांचे काय केले हे कथेत नाही. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत भर घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली आणि मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे ती अर्ध्यावर सोडावी लागली. १७३३च्या मोहिमेत रायगड परत मिळाला, जंजिरा नाही. १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारले, त्याच्या सत्तेचे कंबरडे मोडले, तरी किल्ला सिद्दीकडेच राहिला. इतक्या वेळा इतक्या निरनिराळ्या कारणांनी एकच गोष्ट हुकते, तेव्हा प्रत्येक कारण सुटे सुटे सांगून भागत नाही. समोरच्याचीही काही तयारी असावी, असे मानावे लागते.

ती तयारी होडीतून दिसते. तट थेट पाण्यातून वर उठतो, तळाला पाय टेकायला जागा नाही. दरवाजा कुठे आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. चहूबाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, म्हणजे वेढा घालणाऱ्याला तहान लागणार आणि वेढल्या गेलेल्याला नाही. बुरुजांवर लांब पल्ल्याच्या तोफा. त्यांतल्या कलालबांगडीचे वजन गाइडगणिक वाढते, तेव्हा आकड्याच्या भानगडीत पडत नाही; मोठी आहे. सिद्दीची खरी तटबंदी मात्र दगडाची नव्हती, ओळखीपाळखीची होती. आधी विजापूर, नंतर मोगल, त्यांच्याकडून येणारा पैसा, आणि पावसाळ्यात आरमार ठेवायला मुंबई. हो, मुंबईच. समुद्र खवळला की सिद्दीचे आरमार मुंबईच्या आश्रयाला जाई, माणसे माझगावात उतरत, आणि स्थानिकांना तो मुक्काम नकोसा होई. इंग्रजांना हे पाहुणे आवडत नव्हते, पण सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चाललेला, त्यामुळे हाकलताही येत नव्हते. आज मुंबईकर गाडीच्या डिकीत स्पीकर घालून मुरूडच्या किनाऱ्यावर उतरतात, त्याकडे मी तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या थकबाकीची वसुली म्हणून पाहतो. मुरूडकरांनी हे ऋण केव्हाच फेडले आहे, पण मुंबईकरांना कोणी पावती दिलेली दिसत नाही.

दरवाज्याशी पोचल्यावर गोष्ट आणखी स्पष्ट होते. तिथे एक शिल्प आहे: एका वाघासारख्या प्राण्याने चार पायांत चार हत्ती दाबले आहेत, पाचवा शेपटीत गुंडाळला आहे आणि सहावा तोंडात धरला आहे. बाकीच्या किल्ल्यांवर असे शिल्प दिसले की तो वाघ आपण असतो, हे गृहीत असते. इथे क्षणभर थांबून हिशेब करावा लागतो. माझ्या मते अख्ख्या सहलीतला हा सर्वांत मोलाचा क्षण. पाहणाऱ्याला प्रथमच शंका येते की आपण हत्तींपैकी तर नव्हे? बहुतेक जण ती शंका झटकून पुढे तोफेकडे जातात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे पराभवाचे कौतुक झाले. झाले असते, जर जंजिऱ्याच्या तटावरून समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसत नसता. किल्ला मिळत नाही असे दिसल्यावर महाराजांनी त्याच्याच नजरेसमोर कासा बेटावर दुसरा किल्ला उभा केला. डोके आपटत बसण्यापेक्षा शेजारी घर बांधून सिद्दीचा वारा अडवण्याचा हा विचार मला कित्येक विजयांपेक्षा मोठा वाटतो. त्या बांधकामाची रसद वेळेवर न पोचवणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदाराला महाराजांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. जातीकडे पाहून गय केली जाणार नाही, असे त्यात साफ बजावलेले आहे. सरकारी कामाचे पैसे अडकण्याची परंपरा किती जुनी आहे आणि अडकवणाऱ्याला जाब विचारण्याची परंपरा किती लवकर बंद पडली, हे त्या पत्रावरून कळते. पद्मदुर्गाची आणखी एक गंमत अशी की तिथल्या तटाचे दगड लाटांनी खाऊन झिजवले, पण दोन दगडांमधला चुना शाबूत उभा आहे. ज्यांना अभिमानाची निकड आहे त्यांनी त्या चुन्याचा खुशाल धरावा, त्याला हरकत नाही. पण झुंबड उडते ती जंजिऱ्याच्या होडीला. पद्मदुर्ग लांबून बोटाने दाखवला जातो. आपण बांधलेला किल्ला लांबून, आपल्याला न मिळालेला जवळून. म्हणजे मनातून मराठी माणसाला माझे म्हणणे पटलेलेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सिद्दी काही साधुपुरुष नव्हते. त्यांनी किनारपट्टी लुटली, माणसे धरून नेली, १७२७ साली चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाचा विध्वंस केला. हे सगळे खरे आहे आणि ते विसरा असे मी म्हणत नाही. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवायला हवे की आफ्रिकेतून, बरेचदा गुलाम म्हणून आलेल्या माणसांच्या वंशाने या किनाऱ्यावर राज्य उभे केले, ते शेकडो वर्षे टिकवले आणि १९४८ साली ते भारतात विलीन झाले. या मुलखाला हबसाण म्हणत. नकाशावर एवढेसे दिसणारे हे संस्थान थेट काठेवाडात जाफराबादही राखून होते. शिवाय पुणेकरांनी तर सिद्दीबद्दल थोडे सबुरीने बोलावे. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे देशमुख, सिद्दीच्या अमलातले. सिद्दीचा जाच झाला म्हणून ते घाट चढून वर आले. सिद्दी जरा प्रेमळ निघाला असता तर भट घराणे श्रीवर्धनलाच सुपारी मोजत बसले असते, आणि शनिवारवाड्याच्या जागी काय झाले असते याची कल्पना पुण्यातल्या कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाला करता येईल.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: मुरूडला कोणी इतिहासासाठी जातच नाही. माणसे काशीदला पाण्यात डुंबतात, सुरमईची थाळी घेतात आणि वाटेत लागतो म्हणून जंजिरा ‘कव्हर’ करतात. मान्य. माझा विरोध सुरमईला नाही, ‘कव्हर’ला आहे. जो किल्ला मातब्बर सेनानींना वर्षानुवर्षे खपून घेता आला नाही, तो सकाळी मुंबईहून निघून दुपारच्या जेवणाआधी उरकायचा, ही महत्त्वाकांक्षा छत्रपतींनीही बाळगली नव्हती. होडीवाले हे ओळखून आहेत. किल्ल्यावर साधारण पाऊण तास देतात आणि मग हाक मारतात. अनेकांना हा जुलूम वाटतो. मला वाटते, पाऊण तास हे अचूक माप आहे: किल्ला आपला झाला असे वाटण्याइतका लांब नाही आणि आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत हे विसरण्याइतकाही नाही. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तिथे माणसे राहत होती. शेवाळलेल्या तलावांच्या कडेने हिंडताना तेवढे आठवले तरी आवाज आपोआप खाली येतो.

आणि उरलेला दिवस? त्याची सोय या मुलखाने करून ठेवली आहे. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सुरुलखान, खैरियतखान आणि याकूतखान यांचे घुमट आहेत. गाडी तिथे क्वचितच वळते, कारण तिथे खायला काही मिळत नाही. फणसाडचे अभयारण्य ही नवाबाची शिकारीची राखीव जागा होती, तिथे आता शेकरू सुखाने राहते. उत्तरेला कोर्लईच्या पोर्तुगीज किल्ल्याखालच्या वस्तीत काही ख्रिस्ती घरांमधून पोर्तुगीज आणि मराठीच्या संकरातून झालेली बोली अजून चालते. राज्य गेले तरी शिव्या आणि अंगाईगीते मागे राहावीत, तसा प्रकार. त्याच्याही पुढे चौल-रेवदंडा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला आणि इथे माल पुष्कळ आहे म्हणून आपल्याला फसवले, अशी तक्रार लिहून गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. सहलीला येऊन कुरकुर करणाऱ्याचे स्मारक बांधण्याइतके मोठे मन या किनाऱ्याकडे आहे, तेव्हा आजच्या पर्यटकांनी आशा सोडू नये.

राहता राहिला उतरण्याचा प्रश्न. शिडाची होडी हेलकावत दरवाज्याशी येते, होडीवाला दंड धरतो आणि लाटेचा अंदाज घेऊन ओल्या पायरीवर उडी मारावी लागते. पावसाळ्यात तर जाणेच बंद. किल्ल्याच्या मागच्या अंगाला धक्का बांधण्याचे काम अलीकडे हाती घेतले गेले, तेव्हा माझ्यासारख्यांना हळहळ वाटणे स्वाभाविक होते. जे खाडीत भर घालून साधले नाही ते निविदा काढून साधावे, याचा थोडा रागही येतो. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना इतिहासाच्या शुद्धतेसाठी किनाऱ्यावर शहाळे देऊन बसवून ठेवणे मला जमणारे नाही. त्यांना धक्का हवाच. माझी मागणी माफक आहे. धक्क्यावरून आलेल्यांनाही एकदा पुढच्या दरवाज्याशी नेऊन ते सहा हत्ती दाखवावेत, आणि पाऊण तासात एका मिनिटाचीही वाढ करू नये. आजींना तेवढा पुरतो. ज्यांना पुरत नाही ते बहुधा तोफेवर चढून बसलेले असतात.