सुयांच्या गादीचा मुकादम

निवृत्त माणसाला घरात बसल्या बसल्या सगळीकडे सुधारणेला वाव दिसतो. माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिचं वजन, ओलावा आणि घट-तूट आधी डोळ्यांपुढे येते. आमची ही बारामतीत घरच्या घरी ब्लाउज शिवते. तिच्या सुया-टाचण्या अंघोळीच्या साबणाच्या वडीत खोचलेल्या असायच्या. साबण लागलेली सुई जाड कापडातूनही सुळकन जाते, हे तिचं शास्त्र. गिऱ्हाइकांसमोर हे बरं दिसत नाही, असं माझं शास्त्र. मी पिनकुशन करून देण्याचं जाहीर केलं. उरलेल्या खणाची गोल पिशवी तिनंच शिवून दिली. माझ्याकडे नुसतं भरणं होतं. त्यात काय जातंय?

जुन्या गादीचा कापूस फुकट होता, तो भरला. कापूस हवेतली ओल धरून बसतो. पावसाळा लागला आणि टाचण्यांवर तांबेरा पडला. गव्हावरचा तांबेरा शेतकऱ्याच्या पोराला लांबून ओळखू येतो, टाचणीवरचा मात्र एका पांढऱ्या ब्लाउजवर तपकिरी ठिपके उमटल्यावरच ओळखू आला. शिवाय गादी इतकी मऊ, की बारीक सुया आत बुडायच्या आणि वरून दाबलं की बोटाला सापडायच्या.

मग म्हटलं, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी कारखान्यांची धुराडी ज्या पट्ट्यात, तिथं भरणासाठी कापूस कशाला? रसवंतीवरून चिपाडं आणली, गच्चीवर वाळवली, कातरीनं बारीक केली. गादी दिसायला टुमदार झाली. कारखान्याच्या अजस्र रोलरांतून पिळून निघालेल्या बगॅसमध्येसुद्धा दोनेक टक्के साखर राहते. ज्याचा पगार त्या टक्क्यांच्या हिशेबावर झाला, त्याला हे आठवायला मुंग्यांची रांग बघावी लागली. रांग शिलाई मशीनच्या पायापासून थेट पिनकुशनपर्यंत होती, आणि शिस्त आमच्या गेटवरच्या बैलगाड्यांपेक्षा चांगली होती.

"अहो, साबणाला मुंग्या लागत नव्हत्या," एवढंच ही म्हणाली.

इंदापूरला आक्काकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका वखारीतून भुसा आणला. भुसा हे पिनकुशनचं जुनं आणि नावाजलेलं भरण. चाळून, कडक वाळवून, आतून मांजरपाटाचं अस्तर लावून ठासला, तर सुई त्यात खांबासारखी उभी राहते. मी चाळला नाही, अस्तरही लावलं नाही, आणि भुसा निघाला बाभळीचा. बाभळीत टॅनिन असतं, म्हणून तिच्या सालीनं कातडी कमावतात. टॅनिन, ओल आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. पूर्वी शाई याच युक्तीनं करत. थोडक्यात, मी घरात शाईचा कारखाना काढला होता. सुया काळ्या पडल्या आणि विणीतून गळणारा भुसा कापडावर रांगोळी घालू लागला.

आक्काला फोन केला, तर ती म्हणाली, "केस भर रे. केसाला तेल असतं, सुई गंजत नाही." तिचं खरं होतं. विलायतेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बायका विंचरलेले केस साठवून पिनकुशनात भरायच्या, त्यासाठी आरशापुढे झाकणाचं खास भांडं असायचं. माझ्या डोक्यावरचं पीक कधीच निघून गेलंय. हिची गुंतावळ मागितली, तर ती केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी राखून ठेवलेली. पातेलं की पिनकुशन, या लढतीत मी अनामत रक्कमही वाचवू शकलो नाही.

शेजारची मुलगी टेक्स्टाइल पार्कात कामाला जाते. तिला सल्ला विचारला. "काका, कंपनीत सुई मोडली तर सगळे तुकडे जमा केल्याशिवाय दुसरी मिळत नाही," ती म्हणाली, आणि आमच्या गादीत हरवलेल्या सुयांच्या दिशेनं फार अर्थपूर्ण बघितलं.

तोवर आषाढीची वारी आली. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढं निघाली की काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगरबांधव मेंढ्या पळवत होते, लोक हात जोडून उभे होते, आणि मी पांडुरंगाच्या साक्षीनं मेंढ्यांच्या पाठीकडे भरण म्हणून बघत होतो. लोकरीत मूळचीच चरबी असते, लॅनोलिन. ती सुईला गंजापासून राखते. ओळखीच्या मेंढपाळानं घोंगडीसाठी कातरलेल्या काळ्या लोकरीचं एक गाठोडं दिलं. वास असा, की हिनं ते उंबऱ्याबाहेरच अडवलं. म्हणून मी ते कडकडीत पाण्यात, भरपूर वॉशिंग पावडर घालून, खसाखसा धुतलं. चरबी गेली, आणि लोकर आकसून तिचा नमदा झाला. त्यावर फार तर कुत्रं झोपलं असतं.

दुसरं गाठोडं हिनं माझ्या हाती दिलंच नाही. कोमट साध्या पाण्यात न चोळता बुचकळलं, सावलीत वाळवलं, हातानं पिंजलं आणि पिशवीत मुठीनं ठासून भरलं. पुरेसं भरलंय वाटल्यावर तेवढीच लोकर आणखी कोंबली. माझ्याकडे पिशवीचं तोंड शिवायचं आणि धागा तोडायचं काम दिलं.

तेव्हा ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कच्ची लोकर सगळ्यांत उत्तम, पण साबण लावू नये. ती नसेल तर चाळलेला कोरडा भुसा, अस्तर लावून. तळाशी थोडी धुऊन वाळवलेली वाळू वेगळ्या पुरचुंडीत घातली, तर टाचणी ओढताना गादी हातासोबत येत नाही. तांदूळ-ज्वारी भरू नये, सोंडे होतात. कापूस उशीत राहू द्यावा, चिपाड बॉयलरमध्ये. आणि भुसा बाभळीचा असेल तर सरळ चुलीत घालावा, तिथं तो झकास पेटतो.