साका

दहावीची परीक्षा संपल्यावर तिसऱ्याच दिवशी चिरंजीव दुपारी बाराला उठून "नाश्त्याला काय?" म्हणाले आणि माझ्यातला श्रमिक जागा झाला. "तुझ्या वयाचा असताना मी..." एवढंच म्हणालो. पुढचं त्यानेच दात घासता घासता पूर्ण केलं : मे १९८६, मामाचा छापखाना, महिनाभर लग्नपत्रिकांच्या घड्या, बोटांना खळ. बालकामगार कायदा त्याच वर्षी डिसेंबरात आला. या दोन घटनांचा संबंध आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. नाही, असंही म्हटलेलं नाही.

त्याला काम लावण्यासाठी चार मित्रांना फोन केले. एकाने बायोडेटा मागितला. दुसरा कामाशिवाय नुसतं सर्टिफिकेट द्यायला तयार होता. तिसऱ्याने त्याच्याच मुलाला कुठे चिकटवता येईल का, ते विचारलं. चौथ्याने अजून फोन उचललेला नाही. पुण्यात माणसाला काहीच सुचेनासं झालं की तो हापूस विकायला काढतो. आम्हीही काढला.

सोसायटीच्या ग्रुपसाठी मी चार परिच्छेदांचं निवेदन लिहिलं. त्यात 'उगवता उद्योजक', 'श्रमप्रतिष्ठा' आणि माझा छापखाना होता. मुलाने पाठवलं ते एवढंच : 'रत्नागिरी हापूस. पाच डझनी पेटी. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.' अकरा पेट्यांची मागणी आली. माझा छापखाना गाळूनही अकरा!

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका दोन कापलेले आंबे घेऊन आले. आत साका. आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण तेव्हाही घेतला होता. साका म्हणजे हापूसचं जुनं दुखणं. बाहेरून फळ केशरी, घमघमीत, देठापाशी कसं गुबगुबीत. आणि आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. कापेपर्यंत भल्याभल्या बागायतदारालाही पत्ता लागत नाही. उन्हात उतरवलेला आंबा तापलेल्या जमिनीवर पडून राहिला की हे वाढतं, म्हणून तो सकाळच्या गारव्यात उतरवावा, लगेच सावलीत न्यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका होत नाही. हे सगळं मी काकांना दारातच, उभ्याने, पंचवीस मिनिटं समजावलं.

"मग रत्नाच का नाही आणलात?" काका म्हणाले.

मुलगा आतून आला, दोन आंबे त्यांच्या हातात ठेवले, "सॉरी काका" म्हणाला आणि गेला. रात्री त्याच्या वहीत नोंद दिसली : 'बदलून दिले – २. बाबाचं भाषण – १ गिऱ्हाईक (बहुतेक गेलं).'

पेट्या आल्या त्या दिवसाचं मात्र मी कुणाला सांगत नाही. लिफ्ट बंद होती. टेंपोतून एक पोरगा उतरला आणि दोन-दोन पेट्या खांद्यावर घेऊन चौथा मजला चढू लागला. मी खाली मुलाचा फोटो काढत होतो, हात पेटीवर, नजर भविष्याकडे. पोरगा तीनदा त्या फोटोत आला, तीनदा मी त्याला "जरा बाजूला हो रे" म्हटलं. मग मुलाने त्याला वय विचारलं. सोळा. दहावी? "दिली की यंदा." त्याच परीक्षेला, तोच पेपर लिहून आलेला. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीपासून चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची कामं तेवढी बंद आहेत. कायद्याच्या लेखी माझ्या दारात दोन सारखेच किशोरवयीन उभे होते. एकाच्या कामाला मी श्रमप्रतिष्ठा म्हणत होतो. दुसऱ्याच्या कामाला काय म्हणायचं, हे कोणी मला विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आंबा पुढे केला तर म्हणाला, "नको काका, आता वास पण नको वाटतो." पाणी मात्र तांब्याभर प्याला.

शेवटी हिशेब झाला. त्यात पेटीमागे तीस रुपये 'हमाली' होती.

"अरे, ती भाड्यातच आली," मी म्हणालो.

"भाडं टेंपोवाल्याला. हे त्याला. तेव्हाच दिले." आणि वही मिटता मिटता, "बाबा, छापखान्यात तू नऊ दिवस होतास. मामाआजोबा म्हणाले. दहाव्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला, पोराला पाठवू नका, पत्रिका उलट्या घडी करतो."

मी उरलेल्यातला एक आंबा कापायला घेतला. कोयीपाशी पांढरं निघालं.

"बदलून मिळेल का?"

"घरच्यांना नाही," तो म्हणाला.