फसावं कसं: भंडारा जिल्ह्यात पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

मोठ्या पर्यटनस्थळी फसायला अक्कल लागत नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की मंडळी स्वतःहून धावून येतात. भंडारा जिल्ह्यात तशी सोय नाही. इथं पर्यटक ही जातच विरळ. येतो तो कुणाचा तरी जावई, भाचा, नाहीतर वऱ्हाडी. त्यामुळे परक्यांना गंडवण्याचा वेगळा धंदा इथं नीट उभाच राहिला नाही, आणि ज्याला खरोखर फसायचं आहे त्याला स्वतः थोडे कष्ट घ्यावे लागतात. अशा होतकरूंसाठी ही माहिती. लिहिणाऱ्याला विषयाचा घरचा अनुभव आहे. तो शेवटी येईल.

सुरुवात रेल्वेपासून करावी. हावड्याच्या मार्गावर नागपूर सोडलं की थोड्याच वेळात 'भंडारा रोड' येतं. उतरल्या उतरल्या भंडारा समोर असेल असं धरून चला. ते नसतं. स्टेशन वरठीला आहे, शहर तिथून दहाएक किलोमीटर. तुमसर रोडचंही तेच, ते देव्हाडीला. नावामागचा 'रोड' म्हणजे 'इथून रस्ता आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा'. रात्री उतरावं, सामान दोन्ही हातांत असावं आणि चेहऱ्यावर 'आता काय?' हे स्पष्ट दिसावं. ऑटोवाल्याला भाडं आधी अजिबात विचारू नये. विचारलंत तर बाजूला पन्नीत खर्रा घोटत बसलेला माणूस, त्याचा काही संबंध नसताना, मान वर न करता खरा भाव सांगून टाकतो आणि पहिलीच संधी हातची जाते.

हा माणूस नीट ओळखून ठेवा, कारण जिल्हाभर तोच आडवा येणार आहे. कधी तो पानठेल्यावर असतो, कधी एसटीत शेजारी, कधी बाई असतो. त्याचे प्रश्न तीन. "कोणाकडचे पाव्हणे जी?" "कायले आले?" आणि "जेवले का?" तुम्ही 'फिरायला आलोय' म्हणालात की तो काळजीत पडतो. फिरायला? इथं? मग तो तुमच्या गावाचं, आडनावाचं, मामेकुळाचं खोदकाम करतो आणि वीस मिनिटांत तुमचा कुणीतरी नातेवाईक लाखनीत किंवा साकोलीत शोधून काढतो. एवढी उलटतपासणी कुठल्याही भामट्याला झेपत नाही. तो दुसरा ठेला बघतो. म्हणून फसायचं असेल तर कानात इअरफोन घालून ठेवावेत आणि ही चौकशी 'प्रायव्हसी'चा प्रश्न मानावी.

उलट जो काही विचारत नाही, नुसता आपलेपणानं बोलतो, त्याला जवळ करावं. ही पद्धत जुनी आहे. 1830च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या उत्तरेला, जबलपूर-सागरकडे, ठगांच्या जबान्या लिहून घेतल्या. सगळ्यांची रीत एकच: वाटसरूंच्या सोबतीला लागायचं, चार मुक्काम एकत्र करायचे, वाटेत चोरांची भीती आहे तेव्हा मिळून जाऊ म्हणायचं, विश्वास बसला की रुमाल काढायचा. आता रुमालाच्या जागी गुंगीचं औषध घातलेला चहा नाहीतर बिस्किट आलं. गळा वाचतो, बॅग जाते. दोनशे वर्षांत एवढी सुधारणा म्हणायला हरकत नाही. रात्रीच्या गाडीत कुणी पुडा पुढे केला तर भिडेखातर घ्यावा. आणि रेल्वेचा 139 हा नंबर मोबाइलमध्ये मुळीच ठेवू नये.

जंगलात फसणं तुलनेनं सोपं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे, कोका आहे, नागझिऱ्याचं पिटेझरी गेट आपल्याच जिल्ह्यात पडतं. सफारीचं आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं, म्हणून तिकडे फिरकू नये. व्हॉट्सअॅपवर ज्याच्या फोटोत वाघ आहे त्याला आगाऊ पैसे पाठवावेत. तो 'वाघाची गॅरंटी' देईल. इथं 'जय' नावाचा वाघ होता. नागझिऱ्यातून चालत कऱ्हांडल्याला आलेला, अवाढव्य, अख्ख्या विदर्भाचा लाडका. 2016 साली तो दिसेनासा झाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, वनखात्यानं रान पालथं घातलं, तरी सापडला नाही. वनखात्याला न सापडलेला वाघ तीन हजारांत सकाळी साडेसहाला हजर करणारा माणूस भेटला, तर पैसे पाठवायला उशीर कशाला?

पण खरी मौज पवनीला. वैनगंगेच्या काठचं हे गाव बौद्ध काळापासूनचं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि मातीखालून स्तूप वर आला. गावाभोवतीचा मातीचा जुना तट अजून दिसतो. अशा ठिकाणी एखादा घामाघूम इसम फडकं सोडून सोन्याची माळ दाखवेल: "नांगरताना सापडलं साहेब, सोनाराकडे नेलं तर पोलीस येतील, तुम्ही शिकलेले दिसता म्हणून." हा प्रकार महाराष्ट्रभर चालतो, पवनीवर त्याचा हक्क नाही, इथं फक्त पार्श्वभूमी जास्त शोभते. पहिला मणी तो खऱ्या सोन्याचा देतो, तुम्ही तपासून आणावा म्हणून. बाकीची माळ पितळेची. तुम्ही फक्त एकच करायचं: 1878चा निखात निधीचा कायदा वाचायचा नाही. त्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे माळ खोटी निघाली तर पैसे बुडाले आणि खरी निघाली तर गुन्हा अंगावर आला. इतका चोख सौदा दुसरीकडे मिळत नाही. आणि हो, फसवणारा आता 'चारशेवीस' राहिलेला नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम 318 झालं. 'तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे' असं म्हणून बघा. जीभ मानत नाही.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत, पाळणे, जिलेबी, आणि भाऊबीजेला आलेल्या लेकी-जावयांची गर्दी. मोबाइल पँटच्या मागच्या खिशात, अर्धा बाहेर, ठेवावा. याहून जास्त काही करावं लागत नाही.

ऑनलाइन फसण्यासाठी भंडाऱ्याला येण्याची गरज नाही, पण आलाच आहात तर पैसे *घेण्यासाठी* पिन टाकावा. पैसे घेताना पिन लागत नाही हे सहावीतल्या पोराला माहीत असतं, म्हणून त्याला विचारू नये. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर लगेच फोन करायचा नाही. लगेच केला तर समोरच्या खात्यातली रक्कम कधीकधी गोठवता येते आणि फसवणूक अर्धवट राहते. दोन दिवस 'लोक काय म्हणतील' यावर विचार करावा. तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडतात.

आता घरचा अनुभव. भंडारा हे पितळेचं गाव. इथल्या भांड्यांचं नाव लांबवर होतं, आणि जुन्या घरात अजूनही गुंड, गंज, परात, लोटे माळ्यावर असतात. भांड्याच्या आतली कथलाची कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं. बाकी महाराष्ट्रात हा वाक्प्रचार आहे, इथं ते दर दोन वर्षांनी निघणारं घरकाम होतं.

मी आत्याकडे पाहुणा होतो. दुपारी दोन पोरं आली, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "मावशी, कंपनीची नवी पावडर आहे, जाहिरातीसाठी फुकट." जी आत्या दारावरच्या भाजीवाल्याला त्याच्या सासुरवाडीचं गाव विचारते, तिनं या दोघांना काहीच विचारलं नाही, मावशी म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? आधी त्यांनी पितळेचा लोटा मागितला. गुलाबी पावडर, थोडं पाणी, जुना ब्रश. चिंच आणि राखेनं आत्याला अर्धा तास लागला असता ते काम पाच मिनिटांत झालं. छपरीत उन्हाची तिरीप येत होती, तीत तो लोटा असा लखलखला की मीच म्हणालो, "आत्या, बांगड्याही देऊन बघ ना." मी. नागपुरात शिकलेला, रसायनशास्त्रात पदवी घेतलेला.

चार बांगड्या एका वाटीत गेल्या. वाटीत कुठलंसं पाणी होतं, त्याला उग्र वास होता. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल म्हणजे अम्लराज, त्यात सोनं विरघळतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. तो वास नाकात जात होता आणि मी म्हणत होतो, पावडरचा असेल. मग बांगड्या डब्यात, हळदीच्या पाण्यात. "वीस मिनिटं उघडू नका मावशी, रंग बसू द्या." वाटीतलं पाणी ते बाटलीत भरून घेऊन गेले. टाकाऊ म्हणून. सोनं त्यातच होतं.

डबा उघडला तेव्हा बांगड्या चमकतच होत्या. महिन्याभरानं सोनाराच्या काट्यावर पाऊण तोळा कमी भरला. आत्या सोनाराला म्हणाली, झिजल्या असतील. घरी आल्यावर कुणाला काही बोलली नाही, मलाही नाही. मला चुलतभावाकडून कळलं.

तो लोटा अजून आहे. मी गेलो की ती त्यातच पाणी देते. लोटा मात्र पोरांनी मनापासून घासला होता.