सीपी टँकचा रणगाडा

लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो होतो. बसमध्ये कंडक्टरनं "चला, सीपी टँक!" अशी हाळी दिली आणि मी खिडकीच्या गजांत नाक खुपसलं. आमच्या शाळेत नुकतेच एक निवृत्त सुभेदार एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी सांगून गेले होते, त्यामुळे टँक म्हणजे रणगाडा हे ज्ञान अगदी ताजं होतं. बाहेर दुकानं होती, हातगाड्या होत्या आणि रवंथ करणारी एक गाय होती.

"मावशी, टँक कुठंय?"

"अरे, हाच की!"

मी गायीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

मावशीनं मग उलगडा केला. कावसजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थानं इथं तलाव बांधला होता. तलाव बुजला, नाव उरलं. गवालिया टँकचंही तेच. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक जिथून उठली, तिथं त्याआधी गवळ्यांची गुरं पाण्यात डुंबत होती. मला ते पटेना. तलाव आणि रणगाडा एकाच शब्दात कसे राहतील? मावशी म्हणाली, "मुंबईत राहावंच लागतं बाबा, जागा कुठंय?"

हे दोघं एका खोलीत कसे आले, ते पुढे कळलं. १९१५ साली फ्रान्समध्ये युद्ध खंदकांत रुतून बसलं होतं. काटेरी तारा तुडवत, खंदक ओलांडत जाईल असं चिलखती वाहन इंग्रजांना हवं होतं. सैन्य फारसं उत्साही नव्हतं, म्हणून आरमारमंत्री चर्चिल यांनी समिती नेमली. आता आरमारवाल्यांच्या हाती चिखलात चालणारी गाडी दिली, तर ते तिला काय म्हणणार? जमिनीवरचं जहाज! आजही रणगाड्याच्या धडाला इंग्रजीत 'हल' म्हणतात आणि झाकणाला 'हॅच'. एवढंच जहाजपण शिल्लक राहिलं, कारण ते नाव उच्चारताच गुपित फुटलं असतं.

म्हणून लिंकनच्या कारखान्यात आवई उठवली, की मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणारं काहीतरी बनतंय. 'वॉटर कॅरियर' हे नाव मात्र टिकणं शक्य नव्हतं. इंग्रज साहेबाला आद्याक्षरांचा भारी सोस, आणि ही आद्याक्षरं होती डब्ल्यू. सी. अशा नावाच्या समितीवर कोण बसणार? अखेर या वाहनाचे एक पुरस्कर्ते कर्नल स्विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हौद, पिंप अशा अर्थाचे शब्द घोळवून साधासुधा 'टँक' निवडला. थापेला जोड म्हणून काही गाड्यांवर रशियन लिपीत 'जपून, पेट्रोग्राडकडे' असंही रंगवलं. ही पाण्याची टाकी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर पहिल्यांदा चालून गेली. ४९ पैकी ३२च सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचल्या. बाकीच्या वाटेतच बिघडल्या किंवा रुतल्या. गुपित त्या दिवशी संपलं. नाव बदलायला कुणाला सुचलं नाही.

या टँकांत नर आणि मादी असे दोन प्रकार होते. तोफा असलेला नर, नुसत्या मशीनगन असलेली मादी. गंमत म्हणजे ज्या पहिल्या नमुन्याला सगळे 'मदर' म्हणत, त्याला तोफा होत्या. म्हणजे आई नर निघाली. नंतर जर्मनांचेही रणगाडे समोर आले, तेव्हा माद्यांचा टिकाव लागेना. मग काहींना एका बाजूला तोफ आणि दुसऱ्या बाजूला मशीनगन बसवली. आपण त्याला सरळ अर्धनारीनटेश्वर म्हटलं असतं.

आणि म्हणायचा आपल्याला हक्कही आहे. 'टँक' इंग्रजीत आला तो हिंदुस्थानातूनच. एक वाट पोर्तुगीज 'तांके'ची, दुसरी गुजराती-मराठी टाकीची. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाच्या कर्त्यांनीही डोकं खाजवून दोन्ही वाटा नोंदवल्या आहेत. मी निःपक्षपाती नाही. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी प्यायलेला माणूस पोर्तुगिजांच्या बाजूनं कसा बोलेल? कातळात छिन्नीनं, म्हणजे टाकीनंच, खोदलेलं ते टाकं. गच्चीवरची टाकी ती, गडावरचं टाकं ते, आणि रणगाडा तो. तिन्ही लिंगं आपल्याकडे आधीपासून होती. इंग्रजांना त्यासाठी महायुद्ध करावं लागलं.

दुसऱ्या काही भाषांनी ही थाप ऐकूनच घेतली नाही. जर्मन 'पान्झर' म्हणतात, म्हणजे चिलखत. फ्रेंचांचा 'शार' म्हणजे रथच. पोलिश माणसानं रांगण्यावरून शब्द केला. आपला 'रणगाडा' मला या सगळ्यांत उजवा वाटतो. त्यात रण आहेच, पण गाडाही आहे. वंगण मागणारा, चढावर कुरकुरणारा.

इंग्रजीत मात्र टाकीचा संसार वाढतच चालला आहे. पोहण्याच्या टाकीतल्या पोशाखावरून 'टँक टॉप' आला, विचारवंतांची 'थिंक टँक' झाली. परवा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, माझे शेअर टँक झाले." मला वाटलं, पोरगं रणगाड्यासारखं मुसंडी मारतंय. मी अभिनंदन केलं. ते गडगडले होते, हे नंतर कळलं. तेव्हापासून त्याचा फोन नाही.

तेव्हा रणगाडे पाहायचे असतील, तर सीपी टँकला उतरू नका. अहिल्यानगरला जा, तिथं कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये देशोदेशीचे रणगाडे उघड्यावर मांडून ठेवले आहेत. उन्हाळ्यात गेलात, तर बाटली सोबत ठेवा. तिथल्या एकाही टँकमध्ये पाणी नाही.