पडला तर शास्त्र

ह्यूस्टनमध्ये कुणाशी वैर पत्करायचं असेल तर फार कष्ट घ्यायला नकोत. बास्केटबॉलच्या रॉकेट्स संघाची जर्सी घातलेला इसम गाठावा आणि नुसतं ‘सत्तावीस’ म्हणावं. २८ मे २०१८. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, घरचं मैदान, मध्यंतराला रॉकेट्स ५४-४३ असे पुढे. पण दुसऱ्या सत्रात एक थ्री (दुरून मारलेला तीन गुणांचा शॉट) हुकला, मग दुसरा हुकला, आणि चौथं सत्र उजाडलं तरी हुकतच राहिला. लागोपाठ सत्तावीस! अख्ख्या सामन्यात ४४ मारले, ७ पडले. गोल्डन स्टेट वॉरियर्स १०१-९२ असे जिंकले आणि पुढे क्लीव्हलँडला ४-० धुऊन करंडक घेऊन गेले.

त्या रात्रीपर्यंत ह्यूस्टनमध्ये ‘शॉट सिलेक्शन’ हा विषय नव्हता. होतं ते गणित. संघाचे कारभारी डॅरिल मोरी एमआयटीत व्यवस्थापन शिकलेले. त्यांचा हिशेब चौथीच्या पोराला कळेल इतका सोपा: दुरून १०० मारले आणि ३५ पडले तर गुण १०५; मधल्या पट्ट्यातून १०० मारले आणि ४० पडले तरी गुण ८०. तेव्हा एक तर रिंगखाली घुसा, नाही तर सात मीटर मागे सरका. मधे रेंगाळू नका. २०१७-१८ च्या मोसमात या संघाने दोन गुणांच्या शॉटपेक्षा तीन गुणांचे जास्त मारले. एनबीएत तोवर असं कोणी केलं नव्हतं. ८२ पैकी ६५ सामने जिंकले, जेम्स हार्डन मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा त्या दिवसांत ‘एक्स्पेक्टेड व्हॅल्यू’ म्हणायचा.

सातवा सामना संपला आणि त्याच गणिताचं नाव ‘माज’ पडलं.

चाहत्याच्या शॉट सिलेक्शनला एकच कलम असतं: निकाल चेंडू खाली आल्यावर द्यावा. चेंडू हवेत असताना त्याचं भाष्य ऐका. ‘अरे कशाला, कशाला, कशाला... शाब्बास!’ यातले ‘कशाला’ आणि ‘शाब्बास’ यांच्यामध्ये शॉटमध्ये काडीचाही फरक पडलेला नसतो. हात तोच, अंतर तेच, अंगावर आलेला बचाववालाही तोच. पडला तर शास्त्र, नाही पडला तर कोचला हाकला.

शहराच्या तेलकंपन्यांत आपली मराठी मंडळी बरीच. त्यांच्यातल्या एका बैठकीला मी मुकाट्याने बसलो होतो. एका टोकाला निवृत्तीला टेकलेले काका, दुसऱ्या टोकाला विहिरींचे आलेख काढणारा तरुण.

‘काका, दर शॉटला ३६ टक्के धरले तर सत्तावीस सलग हुकणं हे एक लाख सत्तर हजारांत एकदा घडणार. निव्वळ नशीब!’

‘अरे, दहा हुकल्यावर माणूस जरा पुढे येऊन मारतो की नाही?’

‘मधून मारले असते तर शंभराला ऐंशीच...’

‘सत्तावीसला बावीस तरी झाले असते ना? हरलो नऊने!’

तरुण गप्प बसला. काकांचं गणित बरोबर होतं. फक्त ते त्यांनी सामना संपल्यावर मांडलं होतं, आणि या सोयीला कोणत्याही कारभाऱ्याकडे उत्तर नसतं. तरी मला तरुणाचाच धाक वाटला. सव्वीस बोअर कोरडे गेले, तरी ‘सत्ताविसावा पाडा, सरासरी आपल्या बाजूने आहे’ असं सांगणारा भूगर्भवाला आणि हा एकाच मुशीतले. फरक एवढाच, की तिथे ज्याचं शेत असतं त्याला विचारावं लागतं.

रेफरींनाही वगळलं नव्हतं, घाबरू नका. रॉकेट्सने त्या सामन्यातल्या पंचगिरीचा रीतसर लेखाजोखा केला होता, हे २०१९ मध्ये बाहेर आलं. पंचांच्या चुकांमुळे १८.६ गुण गेले, असा दावा. वरचा तो ०.६ गुण नेमका कोणत्या शिट्टीत गेला, हे शोधायला मी अजून तयार आहे.

आता संघनिवडीकडे वळू. इथे चाहत्याची प्रतिभा आणखी फुलते, कारण पैसा दुसऱ्याचा असतो. ख्रिस पॉल पाचव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून बाहेर बसला, म्हणून हरलो, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणजे त्याला जपायला हवं? छे! वर्षभरात तोच ‘म्हातारा आणि महाग’ झाला. २०१९ मध्ये त्याला आणि सोबत नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे भावी हक्क देऊन रसेल वेस्टब्रुकला आणलं. तो थ्री मारू शकत नाही, हे ठाऊक असूनही. मग त्याला घुसायला जागा हवी म्हणून उंचापुरा क्लिंट कपेला विकला आणि साडेसहा फुटांहून बुटक्या पी. जे. टकरला सेंटरला उभं केलं. वर्षाच्या आत मोरी गेले, वेस्टब्रुक गेला, पाठोपाठ हार्डनही गेला. २०२०-२१ मध्ये संघ लागोपाठ २० सामने हरला. आणि ज्यांनी प्रत्येक ट्रेडला टाळ्या वाजवल्या होत्या, ते ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणाले. ह्यूस्टनमध्ये ‘तेव्हाच’ म्हटलेली माणसं एवढी आहेत, की तेव्हा दुसरं कोणी काही म्हणतच नव्हतं की काय, अशी शंका येते.

आणि २०२५ चा उन्हाळा तर नियतीने खास या सदरासाठी राखून ठेवला असावा. रॉकेट्सने केविन ड्युरंटला आणलं. हा कोण? तर सात वर्षांपूर्वी त्याच सातव्या सामन्यात वॉरियर्सकडून ३४ गुण करून यांना घरी पाठवणारा. आणि याचं हुकमी अस्त्र कोणतं? ज्या मधल्या पट्ट्यात पाऊल टाकायला मोरींच्या राज्यात बंदी होती, तिथून मारलेला शॉट.

बदल्यात जे काही गेलं त्यात जेलन ग्रीनही गेला. त्याच्याविषयी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या सामन्यात (७ गुण) काकांचं मत होतं, ‘विका याला!’, दुसऱ्यात (३८ गुण) ‘याला हात लावाल तर खबरदार!’, मालिका हरल्यावर पुन्हा ‘विका!’ विकला. ड्युरंट आला तेव्हा काकांनी नवी जर्सी मागवली. परवा भेटले तर ती अंगात होती, कपाळावर आठी होती.

‘काय हो, आता काय बिनसलं?’

‘थ्री फार कमी मारतात रे हे लोक. आणि त्या ग्रीनला सोडायला नको होतं. मी तेव्हाच...’